महाडीबीटी पोर्टल: शिष्यवृत्तीचा अर्ज नेमका कुठे अडतो

दहावीनंतरच्या राज्य सरकारच्या बहुतेक शिष्यवृत्त्या आणि फी सवलती आता महाडीबीटी या एकाच पोर्टलवरून मिळतात. समाजकल्याण, आदिवासी विकास, तंत्रशिक्षण, उच्च शिक्षण, खातं कोणतंही असो, लॉगिन एकच आणि प्रोफाइलही एकच. अर्जाला शुल्क नाही, मराठीतून भरता येतो. एवढ्यासाठी या पोर्टलला मनापासून चांगले गुण द्यायला हवेत. मात्र अर्ज ‘सबमिट’ झाला म्हणजे काम झालं, असा समज करून घेऊ नका.

आधी पैशांचा हिशोब समजून घ्या. खुल्या प्रवर्गातल्या आणि कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. मुलींसाठी २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गात, याच उत्पन्नमर्यादेत, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय तसा आहे. अट एकच, पण मोठी: प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, झालेला हवा. व्यवस्थापन कोट्याला आणि खासगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही माफी लागू नाही. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा २.५ लाख आहे. त्यापुढच्या उत्पन्नासाठी फ्रीशिप (फीमाफी) हा वेगळा अर्ज आहे. कॉलेजची यादी करतानाच हे तपासा, प्रवेश झाल्यावर नव्हे.

आता पोर्टलचा गाभा. ‘पात्र योजना’ पोर्टल स्वतः शोधून दाखवतं आणि ते फक्त प्रोफाइलवरून. त्यामुळे योजना दिसत नसेल तर बहुतेक वेळा पोर्टल बंद नसतं, प्रोफाइलचा एखादा रकाना चुकलेला असतो. चालू अभ्यासक्रमाच्या पानावर प्रवेशाचा प्रकार ‘कॅप’ ऐवजी दुसरा निवडला की फीची योजना यादीतून गायब होते. वसतिगृहाचं पान रिकामं ठेवलं तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता दिसत नाही, आणि हा भत्ता फी सवलतीसोबत घेता येतो हे पुष्कळ मुलांना ठाऊकच नसतं. एकाच नावाच्या अभ्यासक्रमाच्या दोन नोंदी असतील (पहिली पाळी, दुसरी पाळी), तर प्रवेशपत्रावर आहे तीच निवडा. चुकीची निवड झाली तर अर्ज कॉलेजच्या टेबलावर थांबतो.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो. पगाराची पावती किंवा कॉलेजचं पत्र चालत नाही. ‘आपले सरकार’वरून किंवा सेतू केंद्रातून काढलेल्या दाखल्यावर बारकोड असतो. तो क्रमांक टाकला की तपशील आपोआप जुळतो आणि पडताळणी सोपी होते, म्हणून जुना हस्तलिखित दाखला असेल तर नवा काढून घेणं श्रेयस्कर. दाखल्यावर कोणत्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न आहे ते नीट पाहा. वर्ष चुकलं की अर्ज परत येतो. कागद स्कॅन करताना फाइल २५६ केबीच्या आत ठेवा. मोबाइलवर काढलेला फोटो थेट चढवला तर तो तिथेच अडकतो, आणि आकार फार कमी केला तर अक्षरं वाचता येत नाहीत. पीडीएफ करून मगच आकार कमी करा. शिक्षणात खंड असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र आधीच तयार ठेवा.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते बँक खात्यामुळे. पैसे खाते क्रमांकावर नाही, आधारवर येतात. खात्याला आधार ‘लिंक’ असणं वेगळं आणि एनपीसीआयच्या मॅपरवर (कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत जावेत याची देशपातळीवरची नोंद) ‘सीडिंग’ असणं वेगळं. एका वेळी एकाच बँकेचं खातं सीड असतं, आणि शेवटी ज्या बँकेत सीडिंग केलंत तिथे रक्कम जाते. नवं खातं उघडताना संमतीपत्रावर टिक करून दिलीत, की शिष्यवृत्ती तिकडे वळते. यूआयडीएआय, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहा, बँकेचं नाव आणि ‘अॅक्टिव्ह’ ही नोंद दोन्ही तपासा. कागदपत्रांविना उघडलेलं लहान खातं असेल तर त्यात, सरकारी अनुदान सोडून, ५० हजारांपेक्षा जास्त शिल्लक आणि वर्षाला एक लाखापेक्षा जास्त जमा चालत नाही. इंजिनिअरिंगची फी तिथे अडकू शकते. केवायसी पूर्ण करून घ्या.

सबमिट झाल्यावर अर्ज आधी कॉलेजकडे, मग विभागाच्या कार्यालयाकडे जातो. शंका असली की तो ‘सेंड बॅक’ होतो. एसएमएसवर विसंबू नका, आठवड्याला एकदा स्वतः लॉगिन करून पाहा. शेरा वाचा, फक्त तेवढीच दुरुस्ती करा, पुन्हा सबमिट करा आणि कॉलेजच्या लिपिकाला अर्ज क्रमांक दाखवून या. कॉलेजच्या टेबलावर शेकडो अर्ज एकदम येऊन पडतात, आणि मुदतवाढीच्या भरवशावर बसलेल्यांचे अर्ज तिथेच अडकतात. पोर्टलवरची ही पायरी सर्वांत कमकुवत आहे: अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे हे दिसतं, पण किती दिवसांत पुढे सरकेल हे दिसत नाही.

सायबर कॅफेत अर्ज भरायचाच असेल तर मोबाइल क्रमांक, ईमेल, पासवर्ड स्वतःचेच द्या. दुसऱ्या वर्षी याच प्रोफाइलवरून नूतनीकरण करायचं असतं. नवं प्रोफाइल उघडलं तर आधार आधीच नोंदलेला असल्याने गाडी तिथेच थांबते. निकाल लागला की गुणपत्रिका जोडून नवं वर्ष आधी प्रोफाइलमध्ये भरा, मग नूतनीकरणाचा अर्ज उघडा.