कपड्यांच्या फोटोंसाठी सोनी ए७ मार्क ४: सोलापुरात नऊ महिने वापरल्यावर

गणपती उठले त्याच आठवड्यात मी सोनी ए७ मार्क ४ हा कॅमेरा घेतला, सेकंड हँड. सोबत दोन लेन्स, सोनीचीच ८५ एमएम एफ १.८ आणि टॅमरॉनची २८-७५ एफ २.८ जी २ (एफ म्हणजे लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तेवढं छिद्र लहान). गोडॉक्सचा एडी २०० प्रो फ्लॅश महिनाभराने आला, आणि तो उशिरा घेतल्याची किंमत मोजली. आधी सहा वर्षं कॅननचा ८०डी होता. नवी पेठेतल्या साड्यांची दुकानं, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले युनिफॉर्मवाले आणि ओळखीतली दोन बुटिक, एवढी माझी कामं. म्हणजे मासिकाच्या मुखपृष्ठाची फॅशन नव्हे, विकायच्या कापडाची. इथे गिऱ्हाईक मॉडेलच्या आधी कापड बघतं, आणि सामान निवडताना मी आता तेच धरून चालते.

सगळे पैसे बॉडीत, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यात, आणि लेन्समध्ये गेले होते, म्हणून सुरुवातीला लाइट म्हणून एक स्वस्त एलईडी पॅनेल आणलं. खोक्यावर सीआरआय ९५ छापलेलं, म्हणजे दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा शंभरपैकी आकडा. पहिलंच काम इरकलीचं होतं, मरून अंगाची साडी, लाल टोपपदर. फोटो लॅपटॉपवर लावले. दुकानाचे मालक काका खुर्ची ओढून बसले, साडीची घडी मोडून पदर स्क्रीनशेजारी धरला आणि म्हणाले, "ताई, फोटो झ्याक आलाय, पण ही माझी साडी नव्हं की ओ. माझं मरून असं विटकं नाही." खरंच नव्हतं. हातातला पदर पिकल्या डाळिंबासारखा आणि स्क्रीनवरचा विटेच्या रंगाचा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांचा निळा-पिवळा तोल, कितीही सरकवला तरी एक तर चेहरा निळसर पडायचा, नाही तर पदर मातकट.

कारण नंतर समजलं. सीआरआयचा आकडा आठ फिक्या रंगांच्या नमुन्यांच्या सरासरीवरून काढतात. गडद लाल त्या आठांत नाही, तो आर ९ नावाने वेगळा मोजतात. त्यामुळे लाल कच्चा असलेला दिवाही ९५ छापून विकला जातो. ज्या गावात निम्म्या साड्या लाल-मरून काठाच्या, तिथे आर ९ विचारल्याशिवाय एलईडी घेऊ नका. दुकानदाराने पॅनेल परत घेतलं नाही. ती सगळी मालिका मी फ्लॅशवर पुन्हा काढून दिली, पैसे न घेता. तेव्हापासून लाइट बदलला की पहिली फ्रेम चोवीस चौकोनांच्या रंगपट्टीची, आणि मगच मॉडेलची. आणखी एक, माझ्या खोलीची एक भिंत पोपटी होती. तिचा रंग उडून गालावर आणि पांढऱ्या काठावर यायचा. चुन्यासारखा पांढरा डिस्टेंपर मारला आणि ती कटकट संपली.

आता बॉडी. ३३ मेगापिक्सेल, आणि डोळा धरणारा ऑटोफोकस. पदर डोक्यावरून घेतलेला असो, केस चेहऱ्यावर आलेले असोत, तो डोळा सोडत नाही. ८०डीवर दहातल्या तीन फ्रेम मी फोकससाठी फेकायचे, आता क्वचित. सेकंदाला दहा फ्रेमचा वेग मात्र मला एकदाही लागला नाही. त्यासाठी कोणी जास्त पैसे मोजत असेल तर मी थांबा म्हणेन.

खरी कसोटी लागली ती युनिफॉर्मच्या बारीक चौकड्यांवर. शाळेच्या शर्टाचं कापड, निळी-पांढरी चौकट तांदळाच्या दाण्याएवढी. मुलगा उभा केला, फोटो घेतला, तर छातीवर जांभळ्या-पिवळ्या लाटा. याला म्वारे म्हणतात. कापडाची वीण आणि सेन्सरवरच्या पिक्सेलची जाळी एकमेकींवर आल्या की हे घडतं, जशा दोन मच्छरदाण्या एकावर एक धरल्या की नक्षी हलते. या कॅमेऱ्यात ते कमी करणारा लो-पास फिल्टर आहे, तरी बारीक विणीपुढे तो पुरा पडत नाही. मी आता अर्धं पाऊल मागे-पुढे होते, कोन थोडा बदलते, तेवढ्यावर बहुतेक वेळा लाटा जातात. नाहीच गेल्या तर लेन्सचं छिद्र एफ १३-१४ पर्यंत लहान करते. एक मात्र ध्यानात ठेवा, लाटा आहेत की नाहीत हे फोटो शंभर टक्के मोठा करून बघा. स्क्रीनवर लहान केलेल्या फोटोत खोट्या लाटाही दिसतात.

लेन्सच्या बाबतीत माझा अंदाज चुकला. फॅशन म्हणजे ८५, असं सगळे सांगतात. माझी खोली चौदा फुटी. साडी नेसलेली बाई डोक्यापासून पायापर्यंत, वर-खाली थोडी जागा सोडून घ्यायची, तर ८५ वर तिच्यापासून साडेपंधरा फूट मागे जावं लागतं. तिच्या मागे पडद्याला चार फूट आणि माझ्या मागे उभं राहायला जागा धरली तर एकवीस फूट झाले! म्हणून घरातलं सगळं काम टॅमरॉनवर, पन्नासच्या आसपास, नऊ-सव्वानऊ फुटांवरून. अठ्ठावीसवर जाऊ नका. जवळून घेतलं की निऱ्या मोठ्या होतात आणि बाई बुटकी दिसते. ८५ बाहेर आणि चेहऱ्यासाठी. एका मित्राची सिग्माची ८५ एफ १.४ दोन दिवस वापरून पाहिली. चित्र देखणं येतं, पण ती ६२५ ग्रॅम, माझी ३७१. आणि कापड काठापासून काठापर्यंत स्पष्ट हवं म्हणून मी एफ ८ वरच असते, मग १.४ चे पैसे कशासाठी? लग्नं करणाऱ्याने वेगळा विचार करावा.

बाहेरच्या उन्हाचं सांगते. भर दुपारी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि शटर १/२५० सेकंद धरलं (या बॉडीची फ्लॅश सिंकची मर्यादा तीच, याहून वेगाच्या शटरला साधा फ्लॅश साथ देत नाही) की एफ १० लागतो आणि मागचं सगळं स्पष्ट येऊन टोचायला लागतं. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड आठपट कमी करणारी काळसर काच, लावला की एफ साडेतीन-चारवर येता येतं. त्या मर्यादेपुढच्या शटरलाही फ्लॅश चालवणाऱ्या हाय स्पीड सिंकनेही जमतं, पण त्यात फ्लॅशची ताकद फार खर्ची पडते. २०० वॉटसेकंदांत कमरेपर्यंतचा फोटो निघतो, पूर्ण उभी साडी एप्रिलच्या दुपारी निघत नाही. म्हणून मी सकाळी नवाच्या आत काम उरकते. भुईकोट किल्ल्यात मॉडेल आणि लाइट नेऊन काम करायचं तर पुरातत्त्व खात्याची रीतसर परवानगी लागते. घाईच्या कामाला मी हिप्परग्याच्या तलावाकडे जाते. तिथल्या वाऱ्याने एकदा सॉफ्टबॉक्ससकट (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी) स्टँड आडवा केला, मॉडेल हातभर अंतराने वाचली. काळजात धस्स झालं. तेव्हापासून स्टँडला पाच लिटरचा पाण्याचा कॅन टांगते, आणि भाचा दांडा धरून उभा असतो. काम नसताना कॅमेऱ्यावर कोरडा पांढरा टर्किश टॉवेल टाकते. काळी बॉडी उन्हात पाच मिनिटांत हात लावू देत नाही.

एक गोष्ट घेताना लक्षात आली नव्हती. दोन्ही लेन्सचा फिल्टरचा व्यास ६७ एमएम. एकच एनडी, एकच पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) दोन्हीकडे चालतो. रेशमी खणावर लाइट पडला की नक्षी चकाकीत बुडते. पोलरायझर बोटाने हळूहळू फिरवत गेलं की एका जागी चकाकी उतरते आणि खालची बुट्टी वर येते. परवा त्याच काकांच्या दुकानात हिरव्या खणाचे फोटो दाखवले. त्यांनी पुन्हा कापड स्क्रीनशेजारी धरलं, चष्मा वर केला, आणि आतल्या पोराला हाक मारली, "दिवाळीचा सगळा माल ताईंकडं पाठव."