सरकारी आरोग्य केंद्रातील रक्तदाब-मधुमेह सेवा: वर्षभराचा अनुभव

गेल्या चवथीच्या आधी देवळाच्या सभामंडपात भरलेल्या शिबिरात आईचा रक्तदाब १६८/९६ निघाला, आणि तेव्हापासून आम्ही उत्तर गोव्यातील आमच्या गावच्या सरकारी आरोग्य केंद्राची सेवा घेत आहोत. तपासणीसाठी आणि गोळ्यांसाठी आम्हांला एक पैसाही द्यावा लागलेला नाही. शिबिरात परिचारिकेने आईला आधी पाच मिनिटे स्वस्थ बसवले, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवला आणि दोनदा मोजणी केली. एवढी शिस्त मी खासगी दवाखान्यांतही क्वचितच पाहिली आहे.

उणीव जाणवली ती त्यानंतर. आईचे नाव तपासलेल्यांच्या यादीत चढले, गोळ्या सुरू झाल्या आणि पुढच्या तिन्ही खेपांना त्याच गोळ्या हाती पडल्या. त्यांनी रक्तदाब उतरला की नाही, हे पाहण्यासाठी पट्टा मात्र कोणी बांधला नाही. विचारल्यावर तेथील कर्मचाऱ्याने प्रामाणिकपणे सांगितले, की दर महिन्याला किती नवी माणसे तपासली याचा आकडा वर कळवावा लागतो आणि असलेले मनुष्यबळ त्यातच अडकते. त्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते.

२०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणातील उद्दिष्ट वेगळे आहे. रक्तदाब वा मधुमेह असल्याचे ठाऊक असलेल्यांपैकी ८० टक्के लोकांचा आजार २०२५पर्यंत नियंत्रणात असावा, असे त्यात म्हटले आहे. दिल्लीत ‘नियंत्रणात’ असलेला शब्द आमच्या गावी येईपर्यंत ‘तपासले’ असा होतो, कारण पट्टा बांधलेली माणसे एका सकाळीत मोजून होतात, तर नियंत्रण मोजायचे झाले की तेच माणूस पुन:पुन्हा समोर बसावे लागते.

अर्भकमृत्यूच्या बाबतीत हे असे घडत नाही. १९८३च्या धोरणाने २०००पर्यंत हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू ६०च्या खाली आणायचे ठरवले होते, पण त्या वर्षी ते ६८ होते. २०१७च्या धोरणाने २०१९साठी २८ हा आकडा ठेवला, तेव्हा तो ३० निघाला आणि २८वर एक वर्ष उशिरा, २०२०मध्ये आला. उद्दिष्ट हुकले, पण हुकल्याचे देशाला कळले, कारण ती मोजणी आरोग्य खाते करत नाही. देशातील जन्ममृत्यूंची नोंद पाहणाऱ्या भारताच्या महानिबंधकांची नमुना नोंदणी पद्धत, म्हणजे निवडक भागांतील जन्ममृत्यूंची नियमित मोजणी, ते काम करते. रक्तदाबाच्या बाबतीत काम करणारा आणि काम मोजणारा हात एकच आहे, आणि माझ्या मते सेवेतील खरी खोट तिथेच आहे. केंद्राकडून ‘या तिमाहीत किती जणांचा रक्तदाब १४०/९०च्या खाली आला’ एवढा एकच आकडा मागितला, तरी तिथल्या कामाची सारी मांडणी बदलेल.

चौथ्या खेपेस मी आग्रह धरला तेव्हा रक्तदाब १५४/९० भरला. डॉक्टरांनी लगेच मात्रा वाढवली आणि रक्तशर्करेची तपासणीही लिहून दिली. दोन महिन्यांनी आकडा १३४/८२वर आला. उपचारात कसूर नव्हती, फक्त पुन्हा मोजणे राहून जात होते.

मी या सेवेला पाचपैकी साडेतीन गुण देईन. जाणाऱ्यांनी स्वतःची वही न्यावी, प्रत्येक खेपेस रक्तदाब मोजून तारखेसह लिहून मागावा, आणि उपाशीपोटी साखर तपासायची असेल त्या दिवशी पेज न घेता सकाळी लवकर रांगेत उभे राहावे.