वचनपेटी: घेताना काय पाहावं, आणि निकाल मनासारखा लागला नाही तर कशी वापरावी

डिसेंबर लागला की नागपुरात चर्चच्या आवारातल्या पुस्तकांच्या टेबलावर वचनपेट्या, म्हणजे बायबलमधली वचनं छापलेल्या कार्डांच्या छोट्या पेट्या, येतात. कुठे पत्त्यांएवढी कार्डं, कुठे गुंडाळलेल्या चिठ्ठ्या. एकतीसच्या रात्रीची भक्ती झाली की घरातला प्रत्येक जण एक ओढतो आणि ते वर्षभराचं वचन म्हणून जपतो. वस्तू चांगली आहे, घरात जरूर असावी. पण तिच्यात एक उणीव आहे आणि ती नेमकी अवघड वेळी बोचते: बारावीचा निकाल लागल्यावर, मेडिकलच्या वॉर्डाबाहेर, जमत आलेलं स्थळ पुन्हा मोडल्यावर. कार्डावर आश्वासन छापतात, पण त्या आश्वासनाला देवाने किती काळ घेतला ते छापत नाहीत.

यिर्मया २९:११ घ्या, म्हणजे बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातली अकरावी ओवी. देवाचे संकल्प हिताचे आहेत, हे वचन बहुतेक पेट्यांत असतं. ते बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या यहुदी लोकांना धाडलेल्या पत्रातलं आहे, आणि लगेच वरच्या दहाव्या ओवीत सत्तर वर्षं सांगितली आहेत. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून दोनच वर्षांत सगळं परत मिळेल असं सांगत होता. ऐकायला गोड तेच होतं, पण देवाचं नव्हतं. पत्रात मात्र घरं बांधा, बागा लावून त्यांची फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा, त्या नगरासाठी प्रार्थना करा असं आहे. काटोलकडे संत्र्याचं कलम लावलं की पहिला बहर धरायलाच चार-पाच वर्षं जातात. बाग लावा म्हणणारा देव उद्या परत नेतो असं सांगत नव्हता. इ.स.पू. ५३८च्या सुमारास पर्शियाचा राजा कोरेश याच्या हुकमाने लोक परतले, तेव्हा ते पत्र ऐकणारी बहुतेक मोठी माणसं हयात नव्हती. तरी शब्द पाळला गेला. हे एवढं कळलं की तेच कार्ड कितीतरी जास्त आधार देतं.

म्हणून विकत घेताना संदर्भ पूर्ण आणि वाचता येईल असा छापलाय का, ते आधी बघा. पेटीतलं भाषांतर घरातल्या पवित्र शास्त्राशी जुळणारं असावं, नाहीतर ओवी शोधताना म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ उडतो. लॅमिनेशन नसलेली कार्डं मे महिन्यात कूलरच्या ओलीने एकमेकांना चिकटतात; पेटी कूलरसमोरच्या टेबलावर ठेवू नका.

कार्ड निघालं की तिथेच थांबू नये. पवित्र शास्त्र उघडून निदान तो अख्खा अध्याय वाचावा आणि कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहावं: हे कोणाला सांगितलं, पूर्ण व्हायला किती काळ गेला, मधल्या काळात काय करायला सांगितलं. स्तोत्र ३७:४ मधले मनोरथ सगळ्यांना आवडतात. सातव्या ओवीत वाट पाहायला सांगितलंय आणि पंचविसावीत लिहिणारा आपण म्हातारे झालो म्हणतो, म्हणजे आयुष्यभर पाहून तो हे लिहितोय. योसेफाला सतराव्या वर्षाच्या सुमारास आपण मोठे होऊ अशी स्वप्नं पडली, मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, तो तिसाव्या वर्षी उभा राहिला. त्यातली शेवटची दोन वर्षं तर फारोचा प्यालेबरदार (राजाला प्याला देणारा सेवक) त्याला विसरला म्हणून तुरुंगात गेली.

काही पानं पेटीत सहसा नसतातच. स्तोत्र १३, ज्यात पहिल्या दोन ओव्यांत ‘किती काळ?’ हा प्रश्न चार वेळा येतो. स्तोत्र ८८, जे अंधारातच संपतं. हबक्कूक ३:१७-१८, जिथे अंजीर फुलत नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी स्तुती आहे. २ करिंथ १२:८-९, जिथे पौल तीनदा विनवतो आणि त्याच्या देहातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारा त्रास, काढला जात नाही, कृपा दिली जाते. योहान ११ मधलं मार्थाचं गाऱ्हाणंही: तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. येशूने तिला त्याबद्दल रागावलं नाही. कोरी कार्डं कापून ही वचनं हाताने लिहा आणि पेटीत मिसळा. आमच्या मते पेटीची किंमत यानेच वसूल होते.

निकालाच्या दिवशी मनासारखं वचन निघेपर्यंत कार्डं ओढत बसू नये. मग देवाचं ऐकणं राहून जातं, आपल्याला हवं तेवढंच वेचलं जातं. आणि ज्या घरात नुकतंच माणूस गेलंय तिथे पेटी भेट देऊ नका. जाऊन बसा, स्तोत्र ८८ त्यांच्यासोबत सावकाश वाचा. कार्डं महिन्या-दोन महिन्यांनी न्यावीत, मागची पेन्सिलीची टिपणं असलेलीच.