फ्रिज उत्तम, पण बिलावर कार्डाचे सोळाच्या सोळा आकडे

पाडव्याच्या आदल्या शनिवारी आईसाठी कर्वे रोडवरच्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून फ्रिज घेतला. दुकानाचं नाव आज लिहीत नाही. का, ते पुढे सांगते.

आधी चांगलं ते. सेल्समन मुलगा समजूतदार होता. घरात माणसं किती, भाजी आठवड्याची आणता की रोजची, हे विचारूनच त्याने मॉडेल दाखवलं. मी मोठ्याकडे बघत होते, तर म्हणाला, "ताई, आजी एकट्याच असतात ना, मग हा कशाला? वाकून खालचा कप्पा काढायला त्रास होईल." आईच्या स्वयंपाकघराच्या दाराचं माप मी कागदावर लिहून नेलं होतं, तेही त्याने ताडून पाहिलं. सोमवारी सकाळी ठरल्या वेळी टेम्पो आला. बिनलिफ्टचा तिसरा मजला, पण दोघा मुलांनी भिंतीला एक ओरखडा न पाडता फ्रिज वर नेला. चार तास बंद ठेवा, मग चालू करा, हेही नीट सांगून गेले. फ्रिज झकास चालतोय, आवाज नाही. इथवर माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती बिलाची.

बँकेच्या कार्डावर अडीच हजारांचा कॅशबॅक होता. काउंटरवरच्या मुलाने मशीनला कार्ड लावलं, मी पिन टाकला, स्लिप आली. मग त्याने कार्ड परत हातात घेतलं आणि समोर धरून सगळा नंबर कॉम्प्युटरवर टाइप केला. "ऑफरसाठी लागतो मॅडम," म्हणाला. मागे रांग होती, मी काही बोलले नाही. तिथेच बोलायला हवं होतं.

घरी आल्यावर बिल उघडलं. मशीनची छोटी स्लिप मोठ्या बिलाला स्टेपल केलेली. स्लिपवर बारा फुल्या आणि शेवटचे चार आकडे, म्हणजे जसं असायला हवं तसं. आणि तिच्याच खाली, ए-फोर कागदावर, जीएसटी नंबरच्या ओळीनंतर 'कार्ड क्र.' म्हणून सोळाच्या सोळा आकडे, पुढे कार्ड संपण्याचा महिना आणि वर्ष. स्टेपलरची पिन नेमकी त्या नंबरातून गेली होती. मशीनने झाकलेलं सगळं दुकानाच्या बिलाने उघडं करून ठेवलं होतं.

मी बावीस वर्षं दुकानांचे हिशेब लिहिते, त्यामुळे असा कागद पुढे कुठे कुठे जातो हे मला माहीत आहे. एक प्रत माझी. एक अकाउंट्सला. एक गोडाऊनला, माल सोडायला. एक टेम्पोबरोबर, ज्यावर आईने सही केली. एक कंपनीकडे, कॅशबॅकच्या क्लेमला. म्हणजे त्या जिन्यावर फ्रिज चढवणाऱ्या मुलाच्या खिशात माझा कार्ड नंबर घडी घालून ठेवलेला होता. तो मुलगा सज्जन होता, प्रश्न त्याचा नाही. तो कागद त्याच्याकडे जायचं कारणच नव्हतं. जुन्या फायली शेवटी कुठे जातात तेही मी पाहिलंय. पोत्यात भरून, किलोवर, रद्दीत.

शिवाय हे बिल फेकून देण्यातलं नाही. कॉम्प्रेसरला दहा वर्षांची वॉरंटी आहे. मशीनची स्लिप वर्षभरात पांढरी पडते, हे बिल तसंच राहणार. दर वेळी मेकॅनिक येणार, मोबाइलवर बिलाचा फोटो काढणार आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कुठेतरी पाठवणार.

"नंबर मिळाला तर काय बिघडतं, ओटीपी तर तुमच्याकडेच येतो ना?" असं मला तिघांनी विचारलं. पण परदेशातल्या बऱ्याच साइट ओटीपी मागतच नाहीत. आणि आपल्याकडे त्याहून मोठा धोका फोनचा. "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्याने तुमचे सोळा आकडे आणि एक्स्पायरी धडाधड वाचून दाखवली, की समोरचा माणूस बँकेचाच वाटतो. मग ओटीपी आपणच सांगतो. माझ्या आईला असा फोन आला असता तर तिने विश्वास ठेवला असता, हे मी खात्रीने सांगते.

त्याच रात्री मी कार्ड ब्लॉक केलं. नव्या कार्डाचे पैसे बँकेने माझ्याकडूनच घेतले. विजेचं बिल, विम्याचा हप्ता, सगळीकडे नवा नंबर भरण्यात रविवार गेला.

माझी भाची न्यू जर्सीत असते. तिला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मावशी, इथे तुला चेक आला असता." तिला एकदा आला होता. एका दुकानाने पावतीवर कार्डाचे जास्त आकडे छापले, कुणीतरी सगळ्या गिऱ्हाइकांच्या वतीने दावा लावला, तडजोड झाली आणि हिला ईमेल आली. एक फॉर्म भरला, काही महिन्यांनी चेक. रक्कम फार नव्हती, पण माझ्या नव्या कार्डाचे पैसे त्यातून नक्की निघाले असते.

तेव्हापासून मी त्या कायद्याबद्दल वाचतेय. अमेरिकेत २००३ साली 'फॅक्टा' नावाचा कायदा झाला. मशीनवर छापलेल्या पावतीवर कार्डाचे शेवटचे पाचच आकडे चालतील, एक्स्पायरी अजिबात नाही. डिसेंबर २००६ पासून सगळ्या मशीनना तो लागू झाला. दुकानाने जाणूनबुजून मोडला तर प्रत्येक गिऱ्हाइकाला १०० ते १००० डॉलर, आणि तुमचे पैसे खरोखर चोरीला गेले हे दाखवायची कायद्यात अट नाही. दुकानाला हजारो गिऱ्हाइकं असतात, तेव्हा गुणाकार करून पाहा. म्हणूनच तिथली दुकानं कोर्टात शेवटपर्यंत भांडण्यापेक्षा तडजोड करतात.

तिथेही सगळं सरळ नाही. गोडायव्हा या चॉकलेटच्या कंपनीच्या पावत्यांवर पहिले सहा आणि शेवटचे चार आकडे येत होते. ६३ लाख डॉलरची तडजोड झाली, त्यातला एक तृतीयांश वकिलांना द्यायचा होता. २०२० साली वरच्या कोर्टाने ती रद्द केली, कारण दावा करणाऱ्याचं प्रत्यक्ष नुकसान दिसत नाही. मला हे पटत नाही. सोळापैकी दहा आकडे उघडे पडले, तर मधल्या सहांच्या दहा लाख जोड्या होतात, आणि कार्ड नंबरात शेवटचा आकडा ताळा जुळवायला असतो, त्याने त्यातल्या नऊ लाख बाद होतात. उरलेल्या एका लाखात कॉम्प्युटरला कितीसा वेळ लागणार? घराची किल्ली बाहेर टांगून ठेवली आणि चोर आला नाही, तर किल्ली टांगणारा निर्दोष कसा?

आपल्याकडे काय आहे, तेही पाहिलं. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन व्यापाऱ्यांना कार्डाचा नंबर साठवायला बंदी केली. शेवटचे चार आकडे आणि बँकेचं नाव, एवढंच ठेवता येतं. म्हणजे वेबसाइटने जे ठेवायचं नाही, ते कर्वे रोडवर पाच प्रतींत छापून मिळतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेली खासगी माहिती दुसऱ्याला देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. आणि त्याच कायद्याच्या कलम ३५ मध्ये सोय आहे की एकाच प्रकारची तक्रार असलेल्या सगळ्या ग्राहकांच्या वतीने एक-दोघांनाही जिल्हा आयोगाच्या परवानगीने तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. ग्राहक पंचायत याच पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी सुरू केली. तरी आपण जातो ते एकेकटे, आणि काउंटरवरूनच परत येतो.

मी पण आधी एकटीच गेले. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, सगळ्यांचंच असं येतं, आजवर कुणी बोललं नाही." दुसऱ्यांदा मालक भेटले. त्यांनी बसवलं, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून शांतपणे पाहिले. म्हणाले, सॉफ्टवेअरवाल्याने क्लेमसाठी ती ओळ टाकली, आम्ही कधी लक्ष दिलं नाही. मी त्यांना दाखवलं की क्लेमला शेवटचे चार आकडे आणि स्लिपवरचा अप्रूव्हल कोड पुरतो, पूर्ण नंबराची गरज नाही. त्यांनी एक महिना मागितला. बिलावरची ती ओळ काढायची, साठवलेले नंबर पुसायचे, जुन्या प्रतींवरचे नंबर काळे करायचे. तोपर्यंत नाव कुठे लिहिणार नाही असा शब्द मी दिला आहे. हे त्यांनी माझ्या तक्रारीच्या प्रतीवर लिहून सही-शिक्क्यासह दिलं, म्हणून दुसरा तारा. सध्या पाचांपैकी दोन.

तुम्ही कुठल्याही दुकानातून बँकेच्या ऑफरवर टीव्ही, फ्रिज, मोबाइल घेतला असेल तर आज ते बिल काढून पाहा. पूर्ण नंबर दिसला तर तुमच्या प्रतीवरचा झाका आणि कार्ड बदला. दुकानाला लेखी द्या आणि पोच घ्या. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि खात्यातून न केलेला खर्च गेला तर तीन कामाच्या दिवसांच्या आत बँकेला कळवा. चूक तुमची किंवा बँकेची नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे तुमच्यावर काही येत नाही. चौथ्या दिवसापासून येऊ शकतं.

महिना संपेल त्या दिवशी मी त्याच काउंटरवर जाणार आहे. आईला इस्त्री हवीच आहे. ऑफरमधली घेईन, कार्डानेच पैसे देईन आणि बिल तिथेच उभं राहून वाचेन.