घरगुती ड्रम रोस्टर, आठ महिने वापरून: मशीन चांगलंय, पण आधी कच्च्या बिया नीट बघून घ्या

कॉफीच्या कच्च्या बिया घरी भाजायचा हा छोटा ड्रम रोस्टर घेऊन आठ महिने झाले, नव्वदच्या आसपास बॅच भाजून झाल्यात, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते, दुसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर दोनच दिले असते, आणि ते दोन देणं मशीनवर अन्यायच झाला असता, का ते खाली येईलच.

मशीन साधं आहे. विजेवर चालतं, आत फिरणारा स्टीलचा ड्रम, समोर काच, भाजताना सुटणारा सालीचा कोंडा ओढून घेणारा पंखा, एक नॉब उष्णतेचा, एक पंख्याचा, आणि तापमान दाखवणारा छोटा डिस्प्ले. बॉक्सवर लिहिलंय की २५० ग्रॅम कच्ची कॉफी बसते. बसते, पण धड भाजली जात नाही. तेवढी भरली की मशीनचा जोर कमी पडतो, अठरा-एकोणीस मिनिटं लागतात, आणि बिया भाजण्याऐवजी नुसत्या शेकल्या जातात, रंग अगदी छान येतो पण कपात पुठ्ठ्यासारखी सपाट चव. १८० ग्रॅम टाका, दहा-अकरा मिनिटांत सुंदर भाजून निघतात. ही एक गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर माझ्या पहिल्या दहा-बारा बॅच वाचल्या असत्या.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ती काच. आत दिवा आहे आणि सगळं डोळ्यांसमोर होतं. आधी हिरवा रंग फिका पडतो, ओल्या गवतासारखा वास येतो, मग १५० अंशांच्या आसपास बिया पिवळ्या होतात आणि वास एकदम बदलतो, पाव भाजल्यासारखा होतो, मग तपकिरी, बियांवर सुरकुत्या पडतात, आणि मग त्या फुगून सुरकुत्या उघडतात तेव्हा पहिला क्रॅक. वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज, आधी एक, मग दोन, मग धडाधड. बीच्या आतली वाफ आणि वायू कोंडून कोंडून शेवटी ती फोडून बाहेर पडतात त्याचा हा आवाज. दुसरा क्रॅक याहून बारीक आणि भरभर असतो, तिथपर्यंत मी सहसा जात नाही, कारण पुढे तेल वर येतं आणि बी कुठल्या मळ्यातली आहे हे कळेनासं होतं, सगळी कॉफी सारखीच कडू लागते.

डिस्प्लेवरच्या आकड्याबद्दल एक सांगते. सगळीकडे वाचायला मिळतं की पहिला क्रॅक १९६ अंशांच्या आसपास येतो, माझ्या मशीनवर तो १८७ लाच येतो. मशीन बिघडलेलं नाहीये, सेन्सर जिथे बसवलाय तिथली हवा आणि बिया मिळून जे येतं ते तो दाखवतो. दुसऱ्याच्या मशीनचे आकडे आपल्या मशीनवर लावायला गेलं की फसायला होतं, मी फसले होते. वही ठेवा, आपल्या मशीनला पिवळा रंग कितीला, क्रॅक कितीला, हे लिहून काढा, पाच-सहा बॅचमध्ये अंदाज येतो.

आता मोठी तक्रार. थंड करायची सोय फारच कमकुवत आहे. कूलिंगचं बटण दाबलं की हीटर बंद होतो आणि पंखा जोरात फिरतो, पण बिया त्याच तापलेल्या ड्रममध्ये पडून राहतात, सहा-सात मिनिटं. तेवढ्यात त्या आतून भाजल्या जातच राहतात आणि हव्या त्या टप्प्यावर थांबवता येत नाहीत. तीन-चार मिनिटांत हाताला कोमट लागायला हव्यात. मी बनवणाऱ्यांना लिहिलं तर उत्तर आलं की हे नॉर्मल आहे. माझ्या मते हे नॉर्मल नाही, डिझाइनमधली चूक आहे. आता मी जाड हातमोजे घालून दार उघडते, बिया सरळ मोठ्या स्टीलच्या चाळणीत ओतते आणि चाळणी टेबल फॅनवर धरून हलवत राहते, दोन-तीन मिनिटांत गार. काम होतं, पण मशीन घेतलं ते यासाठी नव्हतं, एक वेगळा कूलिंग ट्रे दिला असता तर मी या मशीनला काही नावं ठेवली नसती.

आणि कोंड्याचा ट्रे प्रत्येक बॅचनंतर रिकामा करायचा. बीवरची पातळ चंदेरी साल भाजताना सुटते, ती कागदापेक्षा हलकी आणि अतिशय ज्वलनशील असते, साठली तर पेट घेऊ शकते. भाजताना मशीन सोडून दुसऱ्या खोलीत जायचं नाही, एक मिनिटसुद्धा नाही.

तर दुसऱ्या महिन्यातल्या त्या दोन स्टार्सबद्दल. सलग पाच बॅच वाईट निघाल्या, अर्ध्या बिया गडद, अर्ध्या फिक्या, चवीला गोणपाट. मी ड्रम साफ केला, तापमान बदलून पाहिलं, वेळ बदलून पाहिली, काही फरक नाही. शेवटी उरलेल्या कच्च्या बिया पांढऱ्या कागदावर पसरून बसले आणि मग दिसलं. काही हिरव्या, काही पिवळट पडलेल्या, काही फुटक्या, दोन-चार बियांना किड्याने पाडलेली टाचणीएवढी भोकं. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'एए' आणि 'प्रीमियम' लिहिलेलं होतं, पीक कधीचं ते कुठेच नाही. एए हे फक्त बीच्या आकाराचं माप आहे, चाळणीच्या कितव्या भोकावर बी अडकते एवढंच ते सांगतं, चवीशी त्याचा थेट संबंध नाही. आणि जुनं पीक असलं की कच्ची कॉफी तागाच्या पोत्यासारखी लागायला लागते, त्याला कुठलाच रोस्टर काही करू शकत नाही.

मग भाजलेल्यातल्या फिक्या बिया वेगळ्या काढल्या. सगळ्या बिया तपकिरी झाल्या तरी या फिकट बदामीच राहतात, यांना क्वेकर म्हणतात. मुद्दाम तेवढ्याच वीसेक बिया दळून कप केला, कच्चे शेंगदाणे आणि कागद, बस. क्वेकर म्हणजे न पिकलेल्या फळाची बी. साखर तयार व्हायच्या आधीच फळ तोडलं गेलं, मग भाजताना रंग येणार कुठून? कच्ची असताना ती साध्या डोळ्यांना ओळखू येत नाही, म्हणून सगळं अवलंबून असतं ते झाडावरून फक्त लाल झालेलं फळ वेचणाऱ्या हातांवर. एका झाडाची सगळी फळं एकदम पिकत नाहीत, त्याच झाडाकडे परत परत जावं लागतं, आणि साधारण पाच-सहा किलो फळांतून एक किलो हिरवी बी मिळते. झाड लावल्यापासून पहिलं पीक यायलाच तीन-चार वर्षं जातात. ज्याने हे सगळं नीट केलं त्याची मेहनत माझ्या कपात उतरते आणि ज्याने घाई केली त्याची घाईसुद्धा.

त्यानंतर विक्रेता बदलला. याच्या पाकिटावर मळा किंवा वॉशिंग स्टेशन (फळांतून बी काढून धुतात ते केंद्र), समुद्रसपाटीपासून उंची, प्रक्रिया, तोडणीचा महिना आणि ओलावा हे सगळं लिहिलेलं असतं. ओलावा १० ते १२ टक्क्यांत हवा, त्याहून कमी असेल तर बी कोरडी पडून भरभर करपते, फार जास्त असेल तर बुरशीची भीती. उंचीचाही उपयोग होतो, वर थंडी असल्यामुळे फळ सावकाश पिकतं, बी घट्ट होते, आणि घट्ट बी सुरुवातीची जास्त उष्णता सहन करते. इथिओपियाची १९०० मीटरवरची वॉश्ड, म्हणजे गर धुऊन काढून वाळवलेली, बी मी ड्रम चांगला तापवून टाकते, ब्राझीलची नॅचरल, म्हणजे फळासकट वाळवलेली, मऊ असते, तिला तसंच टाकलं तर टोकं करपतात, म्हणून वीस अंश कमी ठेवून सुरू करते. कोंडाही नॅचरलचा दुप्पट निघतो असं वाटतं.

मॉन्सून्ड मलबार नावाच्या कॉफीने मात्र चांगलंच चकवलं. ती पश्चिम किनाऱ्यावरच्या पावसाळी दमट वाऱ्यात आठवडेच्या आठवडे ठेवून फुगवलेली असते, मुळातच फिकट सोनेरी, त्यामुळे पिवळा टप्पा कधी आला हे काचेतून कळतच नाही. तिथे वजनकाटा कामाला आला. १८० ग्रॅम टाकले आणि १५३ निघाले तर १५ टक्के घट, म्हणजे मला आवडतो तो मध्यम रोस्ट. रंगावर विश्वास नसेल तेव्हा वजन बघा, वजन फसवत नाही.

अजून एक, भाजल्या भाजल्या लगेच पिऊन मशीनबद्दल मत बनवू नका. बीमध्ये कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, पहिल्या दिवशी गरम पाणी ओतलं की नुसता फेस आणि चव उथळ, तिच कॉफी सहाव्या-सातव्या दिवशी लिंबाच्या फुलासारखी उघडते.

स्टार चार. एक कापला तो कूलिंगसाठी. रोज दोन-तीन कप पिणाऱ्याला हे मशीन पुरे आहे, मोठं घर आणि रोज पाहुणे असतील तर १८० ग्रॅमचे घाणे काढत बसावं लागेल. आवाज मिक्सरपेक्षा कमी, धूर मात्र मध्यम रोस्टच्या पुढे भरपूर होतो, खिडकीजवळच ठेवा. माझ्याकडे ते खिडकीतच असतं, शेजारी वही, वजनकाटा आणि ती चाळणी.