ब्रशकटर, वीडर, फवारणी पंप आणि ऑइल: छाटणी ते पावसाळा वापरल्यानंतर

दिंडोरी भागात मशीनचं ऑइल घ्यायला गेलं की दुकानदार एकच विचारतो, "टू-टी देऊ का फोर-टी?" (टू-टी म्हणजे दोन-स्ट्रोक इंजिनाचं, पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल; फोर-टी म्हणजे चार-स्ट्रोकचं, इंजिनात वेगळं भरायचं.) त्यापुढचं सगळं त्याच्या हाताला कोणता डबा लागतो यावर. गेल्या ऑक्टोबर छाटणीपासून या पावसाळ्यापर्यंत माझ्याकडे तीन इंजिनं चालली. बांधाच्या गवतासाठी होंडा जीएक्स३५ या चार-स्ट्रोक इंजिनाचा ब्रशकटर, द्राक्षाच्या ओळींतलं तण काढायला चार-स्ट्रोकच जीएक्स१६० चा पॉवर वीडर आणि टोमॅटोसाठी पाठीवरचा दोन-स्ट्रोक फवारणी पंप. त्यावरून एवढं नक्की सांगतो की कंपनी कोणती यापेक्षा डब्याच्या मागची बारीक अक्षरं महत्त्वाची, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ऑइल किती भरलंय आणि कधी बदललंय.

आधी ब्रशकटर. या इंजिनात ऑइल मावतं फक्त १०० मिली, म्हणजे चहाचा एक कप. ट्रॅक्टरमध्ये पाव लिटर इकडेतिकडे झालं तरी कुणाच्या लक्षात येत नाही, इथे ३० मिली कमी झालं तर तिसरा हिस्सा गेला. फिल्टर नाही, त्यामुळे जळालेला कचरा आणि धातूची भुकटी त्याच ऑइलात फिरत राहते. म्हणून पहिलं ऑइल १० तासांनी आणि नंतर दर ५० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, यातलं जे आधी येईल त्याला बदलायचं. तास मोजायला मीटर नाही, पण टाकी साधारण ६३० मिलीची आहे आणि पूर्ण रेसवर ती तासाभरात संपते. पेट्रोल भरलं की शेडच्या पत्र्यावर खडूची रेघ मारायची, हिशेब झाला. गड्याला हे एकदा सांगितलं, आता तो माझ्याआधी रेघ मारतो.

ग्रेड, म्हणजे ऑइलचा दाटपणा, १०डब्ल्यू-३०, आणि एपीआय ही दर्जाची खूण एसजे किंवा त्यापुढची काहीही, म्हणजे एसएल, एसएम, एसएन. पुस्तिकेतही हेच आहे. यासाठी वेगळा 'गार्डन इक्विपमेंट'चा महाग डबा शोधत बसू नका. स्कूटरसाठी मिळणारं १०डब्ल्यू-३० चालतं. त्यावर जपानी मानकाची 'जासो एमबी' ही खूण असते, बाइकच्या ऑइलवर 'एमए'. हा फरक ऑइलात बुडालेल्या क्लचसाठी आहे. ब्रशकटरचा क्लच कोरडा असतो, तेव्हा इथे त्या अक्षरांनी काही बिघडत नाही. शेडमध्ये उभ्या ट्रॅक्टरचं १५डब्ल्यू-४० मात्र मी यात घालत नाही. त्याने इंजिन लगेच बसेल असं नाही, पण निफाड-दिंडोरी पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा एक अंकी होतो, आणि त्या थंडीत सकाळी जाड ऑइलवर दोरी ओढणाऱ्याच्या खांद्याला विचारा.

वीडरची गोष्ट वेगळी. यात सुमारे ६०० मिली ऑइल बसतं. ऑइल पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या टोकाचा चमचा ऑइल उडवतो आणि त्यावरच सगळं चालतं. त्यामुळे मशीन उतारावर कलतं उभं करून पातळी बघितली तर ती खोटीच दिसणार. सपाट जागा, थंड इंजिन, डिपस्टिक पुसून आत टेकवायची पण आटे फिरवायचे नाहीत. आमच्याकडे बरेच जण आटे आवळून बघतात. मग काठी जास्त खोल जाते, ऑइल भरपूर दिसतं आणि प्रत्यक्षात ते कमी असतं. कमी ऑइलवर इंजिन आपोआप बंद करणारा सेन्सर काही मॉडेलांत असतो. तो असेल तर असं बंद पडलं की लोक प्लग काढून साफ करत बसतात, ऑइल कुणी बघत नाही.

उन्हाळ्यात, खरड छाटणीनंतर जमीन भुसभुशीत करताना वीडर दुपारी चाळीसच्या उन्हात चालतो. तेव्हा १०डब्ल्यू-३० हळूहळू कमी होत गेलं. गळती कुठेच नव्हती, हवेने थंड होणाऱ्या इंजिनात कडक उन्हात असं होतं. पुढच्या बदलाला एसएई ३०, म्हणजे एकाच दाटपणाचं ऑइल घातलं, तर पातळी जास्त टिकली. हा सिंगल ग्रेड नाशिकमध्ये शोधावा लागतो. बहुतेक दुकानांत त्याच्या जागी २०डब्ल्यू-४० पुढे करतात. मिळालं नाही तर १०डब्ल्यू-३० च ठेवा आणि रोज सकाळी काठी बघा. वर्षभर एकच डबा ठेवायचा असेल तरी माझं मत १०डब्ल्यू-३०. मात्र खुणेच्या वर भरू नका. जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरमध्ये जातं, मग पांढरा धूर येतो आणि मिस्त्री पिस्टनच्या रिंगांवर संशय घेतो. वीडरच्या गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं, हेही विसरू नका.

फवारणी पंपात ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. इथे डब्यावर 'जासो एफडी' किंवा निदान 'एफसी' बघा. एफबी कमी प्रतीचं, त्यात धूर आणि काजळी जास्त. बोटीच्या इंजिनाचं टीसी-डब्ल्यू३ स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. प्रमाण मशीनच्या पुस्तिकेतलं. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २५:१ म्हणजे ४० मिली. 'झाकणभर टाका' हा सल्ला ऐकू नका, प्रत्येक डब्याचं झाकण वेगळं. मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणली, ती टोपलीतच असते. फोर-टी ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून चालवणारेही गावात आहेत. त्यातले ॲडिटिव्ह जळून राख होते आणि ती प्लगवर बसते.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं, म्हणून मिश्रण महिनाभरापेक्षा जास्त ठेवत नाही. फवारणी संपली की टाकी रिकामी करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत पंप चालवायचा.

काढलेलं ऑइल बांधावर ओतायची सवय इथे अजून आहे. विहिरी जवळ असताना हे कसं पटतं कुणास ठाऊक. मी जुन्या कॅनमध्ये साठवतो आणि गॅरेजवाल्याला देतो. त्याच्याकडून भंगारवाला नेतो. तीनही मशीनचं वर्षाचं ऑइल दोन लिटरच्या आतच बसतं, तेव्हा लिटरमागे पन्नास-शंभर रुपये वाचवण्यासाठी सुटं ऑइल घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही.