झोपाळा संखेड्याचा घ्यावा की डभोईच्या सुताराकडून करून?

बडोद्यात घर घेतलं की मराठी माणूस सोफ्याच्या आधी झोपाळ्याची जागा धरून ठेवतो. लाकडी झोपाळाच हवा, एवढं ज्यांचं ठरलं आहे, त्यांच्यापुढे माझ्या मते खरे पर्याय दोनच उरतात, आणि दोन्ही एकाच वाटेवर आहेत. डभोईला थांबून सुताराकडून साधा सागवानी पाट, म्हणजे बिनपाठीची, बिनहातांची टांगती फळी, करून घ्यायचा, किंवा तसंच पुढे जाऊन संखेड्याचा लाखकामाचा झोपाळा आणायचा.

आमच्या जुन्या घरात संखेड्याचा झोपाळा होता. आता तो मोठ्या भावाकडे आहे आणि थोडी झळाळी गेली तरी उत्तम स्थितीत आहे. मांजलपूरला माझं घर झालं तेव्हा मी डभोईचा पाट घेतला. दोन्हींवर भरपूर बसून झाल्यावर हे लिहितो आहे.

संखेड्याला एकदा तरी जाऊन या, घ्यायचं नसलं तरी. २०१३ साली छोटाउदेपूर जिल्हा वेगळा झाला आणि हे गाव तिकडे गेलं, पण बडोदेकर ते अजून आपलंच धरतात. ओरसंगच्या काठचं गाव, आणि काम करणारे खरादी-सुतार. सागाचा तुकडा खरादेवर, म्हणजे लाकूड कातायच्या यंत्रावर, फिरत असतो आणि बघता बघता त्याला कंगोरे, मणी, गोंडे येतात. मग रंग. त्यावर कथलाने वेलबुट्टी काढतात तेव्हा ती चांदीसारखी पांढरी दिसते. वरून लाखेचा हात बसला की तीच सोनेरी होते. मरून आणि सोनेरी ही जोडी खास संखेड्याची, हल्ली काळा, हिरवा, हस्तिदंती असे रंगही मिळतात. या कामाला भौगोलिक मानांकन आहे. शहरातल्या दुकानांत ‘संखेडा’ म्हणून जे मांडलेलं असतं, त्यातलं काही नुसतं रंगवलेलं असतं. तेव्हा घ्यायचं तर गावात जाऊन, काम चालू असताना बघून घ्यावं.

त्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. एक तर दिवाणखान्यात तो टांगला की दुसरी सजावट लागत नाही. भाग सुटे करून देतात, त्यामुळे अरुंद जिन्यातूनही वर चढतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना धरायला हात असतात, ही सोय मी कमी लेखणार नाही. एखादी कातीव दांडी मोडली तर तशीच नवी कातून मिळते. जुन्या मरूनशेजारी नवा मरून थोडा उजळ दिसतो, एवढंच.

लाखेची काही पथ्यं मात्र आहेत. लाख उष्णतेने मऊ पडते. खरादेवर ती लाकडावर बसते तीच मुळी घर्षणाच्या उष्णतेने. त्यामुळे संखेड्याच्या टीपॉयवर चहाचा वाफाळता कप ठेवला की पांढरं कडं उमटतं. स्पिरिटमध्ये ती विरघळते. करोनाच्या दिवसांत भावाकडे येणारा प्रत्येक जण सॅनिटायझर चोळलेले हात झोपाळ्याच्या हातांवर ठेवायचा. ती झळाळी गेली ती गेलीच. पण हे सांभाळता येतं, आणि यासाठी मी संखेडा नाकारला नसता.

मला अडलं ते वेगळ्याच ठिकाणी, त्याच्या पाठीपाशी आणि हातांपाशी.

आपल्याकडे झोपाळ्यावर कोणी खुर्चीसारखं बसतं का? जेवण झालं की आधी पाय वर जातात. मग माणूस कुशीवर कलतो, डोक्याखाली लोड घेतो आणि एक पाय खाली सोडून भिंतीला हलका रेटा देतो. आई मांडी घालून शेजारी सूप ठेवते आणि मेथी निवडते. कोणी समोरासमोर बसून सुपारी कातरतं. लहान मूल पालथं पडून चित्रं रंगवतं. संखेड्याच्या झोपाळ्यावर यातलं काहीही धड होत नाही. आडवं व्हावं तर दोन्ही टोकांना हात आडवे येतात, पाय दुमडूनच घ्यावे लागतात. मांडी घातली की गुडघा हाताला लागतो. पाठीच्या कातीव दांड्या दिसायला सुरेख, पण टेकलं की त्यांचे मणी बरोबर मणक्यांवर येतात. उशी घालावी तर निम्मी रुंदी तीच खाते. आमच्या जुन्या घरात पाहुणे गेले की सगळे झोपाळ्यावरून उठून सतरंजीवर यायचे. आईचं एक वाक्य ठरलेलं होतं, “अरे, याच्यावर पाय वर घ्यायला जागाच कुठे आहे?” मी लहानपणापासून ते ऐकत आलो, आणि स्वतःचं घर झालं तेव्हा शेवटी तेच मनात राहिलं.

मग बिनपाठीचा, बिनहातांचा संखेडा करून मागावा, असं कोणीही म्हणेल. मीही विचारलं होतं. करून देतात, अगदी आनंदाने देतात. पण खरादेवर चढतं ते गोल लाकूड, फळी चढत नाही. संखेड्याचं सगळं सौंदर्य पाठीत, हातांत आणि पायांच्या गोंड्यांत आहे. अडचण करतात तेच भाग, आणि पैसे मोजायचे तेही त्यांचेच. ते काढून टाकले तर उरतो रंगवलेला पाट, आणि साग मला रंगाखाली झाकायचा नव्हता.

म्हणून डभोई. मराठी वाचकाला डभोई म्हटलं की १७३१ ची बाजीराव आणि त्र्यंबकराव दाभाडे यांची लढाई आठवते, रेल्वेच्या शौकिनांना १८६२ साली बैलांनी ओढलेली मियागामपर्यंतची नॅरोगेज गाडी. मला आता सुतार आठवतो. या भागातली जुनी लाकडी घरं उतरवली की त्यांचे वासे आणि खांब वखारीत येतात. पिढ्यान्‌पिढ्या घरात वाळलेला असा साग नव्या लाकडासारखा पावसाळ्यात वळत नाही. सुताराने एका जुन्या खांबाची फळी रंधून लाकडी घोड्यांवर ठेवली, भुसा हाताने झटकला आणि मला म्हणाला, “सूई जुओ, भाई,” म्हणजे झोपून बघा. मी बूट काढून खरोखरच त्या फळीवर आडवा झालो. टाचा कडेच्या बाहेर गेल्या. त्याने कानामागची पेन्सिल काढून तिथे खूण केली आणि लांबी वाढवली. झोपाळा माणसाच्या मापाने झाला तो असा.

साध्या पाटातही कटकट आहे. उठताना धरायला फक्त सळ्या, म्हाताऱ्या माणसाला त्या पुरत नाहीत. लहान मुलं कडेवरून घसरतात. एकसंध रुंद फळी आता सहसा मिळत नाही, दोन-तीन जोडाव्याच लागतात. तो जोड खाच-जिभेचा आहे की नुसत्या खिळ्यांचा, हे उलटा करून बघायलाच हवं. जुन्या लाकडात खिळ्यांची भोकं असतात. सुतार ती बुजवून देतो, पण नजरेला ती सापडतातच. आणि गावच्या सुताराच्या तारखा पुढे सरकतात, याची मनाची तयारी ठेवावी. संखेड्यात निदान तयार माल समोर असतो, आवडला तर लगेच नेता येतो. कोणाला लग्नात भेट द्यायची असेल, किंवा दिवाणखाना मोठा असून झोपाळा मुख्यतः बसण्या-दाखवण्यासाठीच असेल, तर मी त्यांना संखेड्यालाच पाठवीन. घरात वडीलधारं माणूस एकटं उठत-बसत असेल तरीही.

बाकीच्यांनी, म्हणजे ज्यांच्या घरी दुपारी कोणीतरी आडवं होतं त्यांनी, डभोईला उतरावं असं मला वाटतं. खर्चही बराच कमी येतो. डाग पडला, ओरखडा आला तर काचकागद मारून तेलाचा हात दिला की झालं. खरादीला गाठावं लागत नाही.

मापं देताना मात्र ‘नेहमीचं’ म्हणून मोकळं होऊ नका. घरातल्या सर्वांत उंच माणसाला निजवून लांबी घ्या, सहा फुटांच्या आत जाऊ नका. रुंदी दोन फुटांपेक्षा थोडी जास्त असली की कूस बदलता येते. फळी दीड इंच जाड, कडा गोल मारलेल्या. जमिनीपासून बसायची उंची घरातल्या सर्वांत बुटक्या माणसाचा तळवा पूर्ण टेकेल इतकी, नाहीतर झोका देताना फक्त चवडा लागतो आणि पोटरी भरून येते. सळ्या पितळी घ्या. साखळीत मुलांची बोटं चिमटतात. कड्यांना तेल दिलं नाही तर पितळही करकरतंच. घर बांधून घेत असाल तर स्लॅब भरण्याआधी हुक टाकायला सांगा. तयार फ्लॅटमध्ये तो नंतर बसवता येतो, फक्त जाणकाराला तुळई कुठे आहे ते दाखवून.

ऑर्डर होळीनंतर द्या. हवा कोरडी असते, लाकूड ओल धरत नाही. दिवाळीनंतर लग्नसराई लागली की चांगला सुतार कपाटं आणि पलंगांत अडकतो, मग झोपाळ्याकडे त्याचं लक्ष राहत नाही.